शहरातल्या दुसऱ्या वाटा लोकांना दिसू द्या

प्रति,
शहरांच्या वाहतुकीचे नियोजन करणारे अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय : फिरण्याचे जे पर्याय शहरात आधीपासून आहेत, ते रहिवाशांच्या नजरेस आणून देण्याबाबत

सादर नमस्कार.

रस्ते तुंबले की आपल्या बैठकांत साधारणपणे दोन उपाय मांडले जातात. एक रस्ता रुंद करण्याचा किंवा त्यावर पूल बांधण्याचा, आणि दुसरा लोकांनी खाजगी वाहनाची सवय सोडावी असे आवाहन करण्याचा. पहिल्याला पैसा आणि वर्षे लागतात, दुसऱ्याला फारसे कोणी मनावर घेत नाही. या दोहोंच्या मध्ये एक काम बाकी राहते आणि ते कोणत्याही आराखड्यात स्वतंत्र शीर्षकाखाली आलेले मला क्वचितच दिसले आहे. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत, शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत जाण्याचे एकूण किती मार्ग उपलब्ध आहेत, हेच बहुतेक रहिवाशांना ठाऊक नसते. जो पर्याय लक्षातच आलेला नाही तो कोणी नाकारलेला नसतो. त्यामुळे लोक बदलायला तयार नाहीत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, त्यांच्यासमोर आपण काय ठेवले आहे हे तपासावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे केवळ अंदाजावर उभे नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. सगळी स्थानके बंद नव्हती. काही चालू होती, काही बंद. त्यामुळे असंख्य प्रवाशांना त्या दोन दिवसांपुरता का होईना, वेगळा मार्ग शोधणे भाग पडले. लारकॉम, राउख आणि विलेम्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदींवरून संपापूर्वीचे आणि संपानंतरचे प्रवास ताडून पाहिले. संप मिटल्यावर जुना मार्ग पूर्ववत खुला होता, तरीही सुमारे 5 टक्के प्रवासी त्याकडे परतले नाहीत. वर्षानुवर्षे ज्या वाटेने ते जात होते तिच्याहून सोयीची वाट त्यांना त्या दोन दिवसांत सापडली होती. भाडे बदलले नव्हते, नवा मार्ग कोणी बांधला नव्हता, प्रबोधनाची मोहीमही झाली नव्हती. वाट होती तिथेच होती. ती दिसण्याचा प्रसंग तेवढा आला. वीसपैकी एक हे प्रमाण वरवर लहान वाटते, पण कोणत्याही मोठ्या शहराच्या रोजच्या प्रवाशांना ते लावून पाहिले, तर एखादा नवा रस्ता बांधूनही इतका फरक सहजासहजी पडत नाही हे आपल्यासारख्या जाणत्यांना सांगायला नको.

यात प्रवाशांचा आळस शोधणे मला अन्यायाचे वाटते. नव्या घरात किंवा नव्या नोकरीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत माणूस एक मार्ग ठरवतो, तो बऱ्यापैकी चालतो आणि शोध तिथेच थांबतो. पुढे नवी बससेवा सुरू होते, एखादा पादचारी पूल होतो, घराजवळ सायकली भाड्याने मिळू लागतात, पण त्याचा शोध पुन्हा सुरू होत नाही, कारण शोधाला किंमत असते. फसलेल्या प्रयोगाच्या दिवशी कामावर उशीर होतो, मूल शाळेच्या फाटकाशी ताटकळते, डॉक्टरांची वेळ चुकते. ज्याच्या हाती वेळ कमी आणि चुकीची शिक्षा मोठी, तो सर्वांत कमी प्रयोग करतो. आणि नेमक्या त्याच माणसाला स्वस्त, जवळच्या पर्यायाची गरज अधिक असते. म्हणून शोधाची किंमत कमी करणे ही ज्याच्या हाती नकाशे, फलक आणि वेळापत्रके आहेत त्याचीच जबाबदारी ठरते.

सुरुवात नकाशापासून करू. हॅरी बेक या आरेखकाने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी काढलेला जो नकाशा 1933 साली प्रसिद्ध झाला त्याने जगभरच्या वाहतूक नकाशांना वळण लावले. त्याने खरी अंतरे बाजूला ठेवून आडव्या, उभ्या आणि तिरप्या सरळ रेषांत सगळे जाळे बसवले. गाडी कुठे बदलायची हे त्यातून इतके स्वच्छ कळते की त्याची उपयुक्तता नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या स्पष्टतेसाठी त्याने अंतरे मोडली तीच स्पष्टता जमिनीवरची जवळीक लपवते. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांत जेमतेम 260 मीटरांचे अंतर आहे; जिने उतरून, गाडीची वाट पाहून आणि पुन्हा जिने चढून जाण्यापेक्षा चालत जाणे लवकर होते. नकाशात मात्र ही दोन स्थानके इतर कोणत्याही दोन शेजारी स्थानकांसारखीच दिसतात. झान गुओ या संशोधकाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांच्या मार्गनिवडीवर प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षाही नकाशावर दिसणाऱ्या अंतराचा प्रभाव जास्त पडतो. वर सांगितलेल्या संपाच्या अभ्यासातही, नकाशाने अंतरे जिथे अधिक विकृत केली होती त्या भागातल्या प्रवाशांना नव्या मार्गाचा लाभ अधिक झाला असे आढळले.

लंडनच्या वाहतूक संस्थेने 2015 मध्ये लगतच्या स्थानकांमध्ये चालत किती मिनिटे लागतात हे दाखवणारा नकाशा अधिकृतपणे काढला. रुळाचा एक मीटरही न वाढवता प्रवाशांच्या हाती शेकडो नव्या जोडण्या आल्या. मला या कृतीत जो प्रामाणिकपणा दिसतो तो महत्त्वाचा वाटतो. स्वतःची गाडी जिथे गरजेची नाही तिथे ती गरजेची नाही, असे त्या संस्थेने स्वतःहून छापले. आपल्या शहराच्या बस किंवा रेल्वेच्या नकाशात अशी मिनिटे लिहिण्यासाठी काय लागते? घड्याळ घेऊन चालणारी काही माणसे आणि पुढच्या छपाईची वाट पाहण्याची तयारी.

रस्त्यावरच्या फलकांबाबतही असेच आहे. बहुतेक शहरांतले दिशादर्शक फलक गाडी चालवणाऱ्याच्या उंचीवर, त्याच्या वेगाला वाचता येतील अशा अक्षरांत आणि तो ज्या रस्त्यांवरून जाऊ शकतो तेवढेच दाखवणारे असतात. चालणाऱ्याला ते वळशाने पाठवतात, कारण वाहनांना एकदिशा असलेला रस्ता चालणाऱ्याला दोन्ही दिशांना खुला असतो याची दखल त्या फलकांनी घेतलेली नसते. लंडनमध्येच 2007 पासून पादचाऱ्यांसाठी जे नकाशास्तंभ उभे करण्यात आले, त्यांवर नकाशा उत्तरेकडे तोंड करून नसतो. पाहणारा ज्या दिशेला उभा आहे ती दिशा वर असते, आणि 5 मिनिटांत व 15 मिनिटांत चालत कुठवर जाता येईल याची वर्तुळे काढलेली असतात. पुढच्या चौकातले ग्रंथालय 4 मिनिटांवर आहे हे वाचल्यावर जो निर्णय होतो तो 350 मीटर वाचून होत नाही, कारण दिवसाचा हिशेब माणसे मिनिटांत करतात.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळतो आणि इथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. प्रत्येक शहरात बोळ असतात, दोन वसाहतींना जोडणारे जिने असतात, मैदानाच्या कडेने गेलेली पायवाट असते, रुळांखालून जाणारा लहानसा भुयारी मार्ग असतो, सरकारी आवाराच्या दोन फाटकांमधून जाणारी वहिवाट असते. या वाटा अधिकृत रस्त्यांच्या यादीत नसतात. त्यामुळे त्या बंद होतात तेव्हा त्याची नोंदही कुठे होत नाही. एक कुंपण पडते, एका फाटकाला कुलूप लागते, आणि ज्या बस थांब्यावर 6 मिनिटांत पोहोचता येत होते तो 20 मिनिटांवर जातो. थांबा जागेवर असतो, बसही वेळेवर येत असते. फक्त प्रवासी कमी होतात. काही महिन्यांनी आढावा घेतला जातो आणि प्रतिसाद नाही म्हणून त्या बसच्या फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या की उरलेले प्रवासीही दुचाकीकडे वळतात. या साखळीची पहिली कडी एका कुलपाची होती हे कागदावर कुठेच येत नाही. ज्यांना त्या फाटकातून जाण्याचे कारण होते त्यांना विचारले असते तर त्यांनी ते चटकन सांगितले असते, पण विचारणार कोण, कारण ती वाट कोणत्याच खात्याची नव्हती.

आपण रस्त्यांची नोंदवही ठेवता. तशीच जवळच्या वाटांची नोंदवही ठेवावी, त्यांतली कोणती किती वाजता बंद होते आणि कोणाच्या अखत्यारीत आहे हे त्यात लिहावे, आणि त्यांतली एखादी बंद करण्यापूर्वी रस्ता बंद करताना जशी जाहीर सूचना देतात तशी द्यावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना जवळची वाट देऊन मोटारीला वळसा घालायला लावण्याचे धोरण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने 1977 मध्येच अमलात आणले. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले, मोटारीने एका भागातून दुसऱ्यात थेट जाण्याची सोय काढून टाकली आणि तिला बाहेरच्या वर्तुळ रस्त्यावरून फिरून येणे भाग पाडले. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना मात्र चारही भाग आरपार खुले राहिले. शहराच्या आत सायकल ही सर्वांत सरळ वाट झाली, आणि जी वाट सरळ असते ती लोकांना वेगळी दाखवावी लागत नाही. प्रत्येक शहराला एवढे धाडस जमेल असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडच्या सरळ वाटा निदान गमावू नयेत.

सायकल आणि सार्वजनिक वाहतूक यांची सांगड हा आणखी एक पर्याय डोळ्यांआड राहतो, कारण दोन्हींचा विचार वेगवेगळ्या टेबलांवर होतो. साधा हिशेब पाहावा. माणूस ताशी सुमारे 5 किलोमीटर चालतो आणि निवांत सायकल चालवली तरी ताशी 15 किलोमीटरांचा वेग सहज पडतो. वेग तिप्पट झाला की तेवढ्याच वेळात पोहोचण्याजोगे अंतर तिप्पट होते आणि क्षेत्रफळ नऊपट. म्हणजे एका स्थानकाबाहेर सायकली सुरक्षित ठेवण्याची जागा केली, तर 10 मिनिटांच्या आत त्या स्थानकापर्यंत येऊ शकणारा परिसर नऊपट मोठा होतो. नवे स्थानक बांधण्याच्या खर्चापुढे सायकलींच्या कुलूपबंद रांगेचा खर्च किती किरकोळ आहे हे आपणच तपासून पाहावे. मात्र ती जागा स्थानकाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असली आणि तिचा फलक मुख्य दाराशी नसला, तर ती असून नसल्यासारखी राहील.

ज्या शहरांत बससेवा अपुरी आहे तिथे लोकांनी आपली व्यवस्था आपणच उभी केलेली असते. ठरलेल्या वाटेने फिरणाऱ्या लहान व्हॅन, शेअर रिक्षा, मिनीबस यांवर लाखोंचा प्रवास चालतो आणि तरीही अधिकृत नकाशात त्यांचा मागमूस नसतो. ज्याला ओळखीच्या कोणी सांगितले त्याला त्या कळतात, नवख्याला कळत नाहीत. नैरोबीत खाजगी मिनीबसना मटाटू म्हणतात. तिथल्या विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन या गाड्यांतून फिरवले, 130 हून अधिक मार्ग आणि त्यांचे थांबे नोंदवले आणि 2014 मध्ये त्यांचा नकाशा लोकांसमोर आणला. पुढे शहराच्या प्रशासनानेही तो आपला म्हणून स्वीकारला. वर्षानुवर्षे रोज वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थेचे पूर्ण चित्र पहिल्यांदाच एका कागदावर उमटले आणि कोणत्या वस्त्यांना एकही मार्ग जात नाही हेही त्यातच दिसले. अशा वाहनांचे परवाने, सुरक्षितता आणि चालकांची स्थिती यांचे प्रश्न गंभीर आहेत आणि नकाशा काढल्याने ते सुटत नाहीत. पण ज्याकडे पाहायचेच नाही असे ठरवले आहे त्याचे नियमन तरी कसे होणार?

डोंगर आणि पाणी यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. हाँगकाँगमध्ये चढावर वसलेल्या वस्तीला खालच्या व्यापारी भागाशी जोडणारी सुमारे 800 मीटरांची सरकत्या जिन्यांची साखळी 1993 पासून चालू आहे. सकाळी लोक कामावर उतरतात तेव्हा ती खाली जाते आणि उरलेला दिवस वर. कोलंबियातल्या मेडेयिनने 2004 मध्ये आणि बोलिव्हियातल्या ला पाझने 2014 मध्ये उंचावरच्या वस्त्यांसाठी रोपवे हे रोजच्या प्रवासाचे साधन म्हणून सुरू केले. बँकॉकच्या सेन सेप कालव्यातून 1990 पासून प्रवासी बोटी धावतात, तिथल्या रस्त्यांवरची कोंडी जगजाहीर असताना. कालवा आणि चढ आधीपासून होते. अडथळा म्हणून पाहिलेल्या जागेत कोणाला तरी वाट दिसली आणि त्याच्या हाती ती वापरात आणण्याचा अधिकार होता.

हे सगळे दिसत का नाही, याचे एक कारण आपल्या मोजणीत आहे. प्रवासाच्या सर्वेक्षणात बहुधा प्रत्येक फेरीचे मुख्य साधन विचारले जाते. 12 मिनिटे चालून, बस पकडून, पुन्हा 7 मिनिटे चाललेल्या माणसाची नोंद बस या एकाच रकान्यात होते आणि त्याची 19 मिनिटांची चाल हिशेबातून गळते. मग पदपथांसाठी तरतूद मागणाऱ्याला तुमच्याकडे आकडे कुठे आहेत असे विचारले जाते. मुलाला शाळेत सोडणे, वाटेत औषधे घेणे, आजारी नातेवाइकाला भेटून कामावर जाणे, अशा तुटक तुटक फेऱ्या बहुतांशी स्त्रिया करतात, आणि त्या खरेदी, भेटीगाठी, इतर अशा रकान्यांत विखुरल्यामुळे त्यांचे एकत्रित वजन कधी जाणवत नाही. इनेस सांचेझ दे मादारियागा या स्पॅनिश अभ्यासक स्त्रीने कुटुंबाच्या देखभालीसाठी होणाऱ्या या प्रवासाला सर्वेक्षणात स्वतंत्र स्थान देण्याची मांडणी केली. ती मला पूर्ण पटते. या फेऱ्या करणाऱ्यांना आडवाटा, जिने आणि वेळ वाचवणारे बोळ सर्वांत नेमके ठाऊक असतात. आपल्या सल्लागार समितीवर त्यांच्यापैकी किती जणी आहेत, हे कृपया पाहावे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते की आता मोबाइलवर सगळे कळते, प्रशासनाने वेगळे काही करण्याची गरज नाही. हे अर्धेच खरे आहे. मोबाइल विचारणाऱ्याला उत्तर देतो, आणि रोजच्या वाटेबद्दल कोणी विचारत नाही. शिवाय त्याच्याकडे जी माहिती पोहोचलेली नाही ती तो दाखवू शकत नाही. फाटक रात्री 9 ला बंद होते, जिन्याला कठडा नाही, पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचते, त्या बोळातला दिवा बंद आहे, या गोष्टी कोणीतरी नोंदवून खुल्या स्वरूपात उपलब्ध करून दिल्या तरच कोणत्याही ॲपला कळतील. ते कोणीतरी म्हणजे आपणच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. वाट दिसली म्हणून ती वापरण्याजोगी होत नाही. अंधारी वाट बाईला दाखवणे, पायऱ्यांची वाट व्हीलचेअरवरच्या माणसाला दाखवणे आणि तुटक्या पदपथाची वाट वृद्धाला दाखवणे यात त्यांचे काही भले नाही. म्हणूनच नोंद करताना दिवा, उतार, रुंदी आणि वर्दळ यांचीही नोंद व्हावी. असे केल्यावर दुरुस्तीची यादी आपोआप तयार होईल, आणि पहिला दिवा कुठे लावायचा यासाठी वेगळी समिती नेमावी लागणार नाही.

लोकांना पर्याय अजमावून पाहण्याची बिनधोक संधी मिळाली की काय होते याचे उदाहरण कोलंबियाची राजधानी बोगोटाने घालून दिले आहे. 1974 पासून तिथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 पर्यंत काही मुख्य रस्ते मोटारींना बंद ठेवले जातात आणि आज ही लांबी 120 किलोमीटरांहून अधिक आहे. कामावर उशीर होण्याची भीती नसलेल्या दिवशी माणूस सायकलने आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहतो आणि ते अंतर वाटले होते तितके नाही हे त्याला स्वतःच्या पायांनी कळते.

रविवारचे रस्ते मोकळे करणे आपल्याला लगेच शक्य नसेल, तर एक संधी वर्षभर आपल्या दाराशी येतच असते. पुलाची दुरुस्ती, रुळांचे काम, जलवाहिनीसाठी खोदकाम, या कारणांनी मार्ग बंद होतात आणि त्या वेळी हजारो लोक नाइलाजाने दुसरी वाट शोधत असतात. लंडनमध्ये संपाने जे अपघाताने घडले ते आपण अशा वेळी ठरवून घडवू शकतो. आज आपली सूचना बहुधा एवढेच सांगते की अमुक रस्ता अमुक तारखेपर्यंत बंद राहील आणि वाहनांनी अमुक रस्त्याने जावे. त्याच सूचनेत चालत जाण्याची वाट मिनिटांसह छापावी, जवळचा बस थांबा आणि तिथल्या फेऱ्यांच्या वेळा द्याव्यात, सायकल कुठून नेता येईल आणि कुठे ठेवता येईल ते सांगावे, पायऱ्या कुठे आहेत आणि उताराची वाट कुठून आहे तेही लिहावे. त्या काळापुरते तिथे दिवे लावावेत आणि काम संपल्यावर ते काढू नयेत. काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि संपल्यानंतर महिन्याने त्या वाटांवरच्या लोकांची मोजणी करावी आणि तिचे आकडे जाहीर करावेत.

पुढची रस्ताबंदीची सूचना आपल्या कार्यालयात तयार होईल तेव्हा तिच्या मसुद्यात हे मुद्दे यावेत आणि मसुदा अंतिम होण्यापूर्वी त्या भागात रोज चालणाऱ्या दहा-बारा जणांना तो दाखवला जावा, अशी विनंती करतो. त्या दहा-बारा जणांत बसायला आणि लागतील त्या वाटा चालून मिनिटे नोंदवून द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक पादचारी आणि बसप्रवासी